आधी ‘दऱ्या’ टाइप करून बघा

‘तुम्ही लॅपटॉप नेत नाही, मग प्रवासात एवढे लांबलचक लेख मोबाइलवर लिहिता तरी कशात? वर्ड घेऊ की गूगल डॉक्स?’ एखादा लेख छापून आला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: पहिल्या खर्ड्यासाठी दोन्ही नकोत. पण ॲपचं नंतर बघू. आधी कळफलक तपासा.

कोऱ्या पानावर ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ एवढंच लिहा. ‘दर्या’ उमटलं तर घाटमाथ्यावर समुद्र आला म्हणून समजा. लग्नाच्या मांडवातले आचारी असेच आचार्य होतात. गंमत अशी की ‘दर्या’ आणि ‘आचार्यांना’ हे शब्द आपापल्या जागी शुद्धच आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना अडवत नाही. ‘र’ दाबून धरल्यावर नुक्तावाला ‘ऱ’ मिळतो का बघा. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची ठरावीक कळरचना, येत असेल तर प्रश्नच नाही, शिफ्ट दाबून जे, मग डी, आणि पुढे ‘या’. पण एक पथ्य पाळा. हाच ‘ऱ्या’ साध्या ‘र’नंतर न दिसणारं एक जोडचिन्ह घालूनही काढता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते वेगळे असतात. अर्धा लेख एका पद्धतीनं आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीनं लिहिलात, तर एखादं गावाचं नाव सगळीकडे बदलताना निम्म्या जागा सुटतात. ‘ॲ’चीही तीच कथा.

रोमनमध्ये लिहून मराठी उमटवणारे कळफलक वेगाला चांगले, पण ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ सुचवला जातोय का, यावर नजर ठेवावी लागते. आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्र मला आवडतो. व्यंजन दाबलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं, त्यामुळे काना-मात्रा हुडकत बसावं लागत नाही. बोलून लिहिण्याची सोय गूगलनं मराठीसाठी 2017 मध्ये आणली. एसटीत खिडकीशी बसून ती वापरून बघा, शेजारचे काका तुमच्या लेखात दोन वाक्यं घालतातच! विरामचिन्हं नंतर भरत बसावं लागतं ते वेगळंच.

आता ॲप. प्रवासात माझा सवाल एकच असतो: या क्षणी रेंज गेली तर माझा मजकूर कुठे आहे? कोकण रेल्वेवर याची परीक्षा आपोआप होते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि तो संपून सिग्नलच्या काड्या परत येतात न येतात तोवर पुढचा बोगदा हजर. गूगल डॉक्स ऑफलाइन चालतं, पण ती फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवलेली असेल तर. हे काम निघण्याआधी घरच्या वायफायवर करायचं असतं. नेमकं ते राहून जातं आणि मग माणसं डॉक्सच्या नावानं बोटं मोडतात.

म्हणून मी खर्डा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते. अँड्रॉइडवर त्यासाठी मार्कोर (Markor) नावाचं ॲप आहे, फुकट आणि मुक्तस्रोत. फाइल फोनमध्येच राहते आणि पुढे कुठल्याही संगणकावर उघडते. ठळक अक्षरं, रंग, तक्ते काही नाही, आणि तेच हवं असतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत, देवनागरीच्या एकेका चिन्हाला साधारण तीन बाइट लागतात, म्हणजे हजार शब्दांचा लेख फार तर वीस-बावीस केबीचा. एवढी चिमुकली फाइल मरतुकड्या टूजीवरूनही जाते. रात्री मुक्कामी पोचलं की ती स्वतःलाच ईमेल करायची, कारण फोन हरवतात आणि पाण्यातही पडतात. व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज करून लिहिणारेही पुष्कळ आहेत. चार ओळींच्या टिपणाला ते ठीक, लेखाला नको. तिथे ठळक करायला घातलेल्या चांदण्या (*) कॉपी करताना सोबत येतात.

वर्डची गरज लागते ती संपादकांनी दुरुस्त्या करून फाइल परत पाठवली की. कुणी काय खोडलं, काय घातलं ते त्यात दिसतं, आणि एकेक दुरुस्ती स्वीकारता किंवा नाकारता येते. 10.1 इंचांपर्यंतच्या पडद्यावर वर्डमध्ये मूळ संपादन फुकट आहे. मोठा टॅब घेतलात तर वर्गणी मागतात, तेव्हा टॅब घेतानाच हे लक्षात असू द्या. मात्र फोनवर पानाची मांडणी करण्याच्या फंदात पडू नका. विंडोजवरचा मंगल हा फॉन्ट अँड्रॉइडमध्ये नसतो, तिथे बहुधा नोटो असतो. तुम्ही नीट बसवलेली ओळ पलीकडे जाऊन घरंगळणारच.

छापखान्यात अजूनही जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालत असतील तर तुमचा मजकूर रूपांतरकातून जातो, आणि तिथे पहिला बळी याच ‘ऱ्या’चा. म्हणून प्रूफ मागवाच, निदान फोटो तरी. पाठवताना लेखाची फाइल जोडा आणि तोच मजकूर ईमेलमध्येही चिकटवा. त्या दोहोंपैकी एक तरी त्यांच्याकडे धड उघडतंच.