फ्लॅट टॉप्समधली एल्क शिकार: सगळं मांस हाडावरून उतरवू नका

कोलोराडोच्या फ्लॅट टॉप्स पठारावर एल्कच्या, म्हणजे हरणाच्या जातीतल्या मोठ्या जनावराच्या, शिकारीला निघालेल्याला जो तो एकच सल्ला देतो: नर पडला की जागेवरच मांस हाडावरून उतरवा, पिशव्या भरा, हलक्या ओझ्यानं खाली या. हा सल्ला अर्धवट आहे. तो तंतोतंत पाळला तर सगळं कष्टाचं मांस रस्त्यावरच्या तपासणीत बेकायदा ठरू शकतं.

मीकर गावाहून ट्रॅपर्स लेकचा रस्ता, तळ, पहिले दिवस, यात सांगण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा गोळी लागल्यानंतर सुरू होते.

जनावर पडल्याबरोबर परवान्यापासून टॅग (जनावराला बांधायची चिठ्ठी) वेगळा करा, सही करा, तारीख घाला. आधी नाही. घाई नको म्हणून तळावरच सही करून ठेवलेला टॅग रद्द समजला जातो. मग लिंगाचा पुरावा. मांस नराचं आहे हे दाखवणारा अवयव, म्हणजे अंडकोश, शिश्न किंवा शिंगांसकट डोकं, मांसाच्या मोठ्या भागाला मुळातच धरून असला पाहिजे. कापून दोरीनं बांधलेला किंवा वेगळ्या पिशवीत ठेवलेला चालत नाही. म्हणून एक मागची मांडी हाडासकट ठेवा, अंडकोश तिच्यावरच राहू द्या आणि टॅग त्याच मांडीला बांधा. कातडं काढताना सुरी मांड्यांच्या मधोमध सरळ ओढू नका, एका बाजूनं वळवून घ्या. पहिल्यांदा शिकार करणाऱ्यांची चूक बहुधा इथेच होते. बाकीचं मांस खुशाल हाडावरून उतरवा, पण गाडीतून नेताना सगळे भाग एकत्रच असू द्या.

डोक्यावर भरवसा ठेवून पुरावा भागवू नका. हरीण आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग आहे. १९६७ मध्ये कोलोराडोतल्याच फोर्ट कॉलिन्सच्या बंदिस्त हरणांत तो पहिल्यांदा दिसला. त्यामुळे बरीच राज्यं बाहेरून येणारा मेंदू आणि पाठीचा कणा हद्दीत घेत नाहीत. म्हणजे कोलोराडोत जे डोकं तुमचा पुरावा, तेच घरच्या राज्यात गुन्हा. काही युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, तपासणी सक्तीची असते आणि तिथे डोकंच जमा करावं लागतं, नुसती शिंगं नाहीत. क्रम असा ठेवा: डोकं खाली आणा, वन्यजीव खात्याच्या केंद्रात नमुना द्या, मग शिंगांखालची कवटीची पट्टी कापून पूर्ण साफ करा, शिंगं मांसाबरोबरच न्या. अहवाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवा, खाऊ नका.

वजनाचा हिशेबही कुणी नीट सांगत नाही. मोठ्या नराची हाडासकट एक मागची मांडी पंचवीस किलोच्या घरात जाते. एकट्याला चार-पाच फेऱ्या पडतात. फ्लॅट टॉप्सच्या विल्डरनेसमध्ये, म्हणजे राखीव रानात, चाकाची ढकलगाडीसुद्धा चालत नाही, तेव्हा ती विकत घेऊ नका. चारही तंगड्या, पाठीचे लांब पट्टे आणि आतले मऊ पट्टे सोडून येणं हा गुन्हा आहे. त्यामुळे दमलात तरी सुटका नाही. रस्त्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे घोडे ठरवले नसतील तर गोळी झाडू नका, इतकं साधं आहे. घोडेवाला राज्याकडे नोंदलेला आहे का ते बघा आणि दर निघण्यापूर्वी लिहून घ्या. मेलेल्या जनावराजवळ उभं राहून भाव करता येत नाही.

गोळी झाडण्यापूर्वी फाटे मोजा. पश्चिमेच्या बहुतेक युनिटमध्ये एका शिंगाला चार फाटे किंवा कपाळाजवळचा फाटा किमान ५ इंच हवा. एक इंचापेक्षा कमी असेल तो फाटा धरत नाहीत. संधिप्रकाशात खात्री नसेल तर सोडून द्या. बेकायदा मारलेल्या नराच्या एका शिंगाला सहा फाटे निघाले तर नेहमीच्या दंडावर १०,००० डॉलरचा अधिभार लागतो. १९९५ मध्ये एस्टेस पार्कजवळ सॅमसन नावाचा लोकांचा लाडका एल्क मारला गेला, त्यानंतरचा हा कायदा. योग्यच आहे.

अंगावर ५०० चौरस इंच चमकता नारिंगी किंवा गुलाबी रंग, शिवाय त्याच रंगाची टोपी. छलावरणाची नक्षी असलेला नारिंगी धरत नाहीत. एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची आणि गोळी ८५ ग्रेन वजनाची लागते. खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी नसली तरी परवानगी लागतेच. जुने लेख वाचून निघू नका: २०२५ पासून बाहेरच्या राज्यातल्या धनुर्धारींना पश्चिमेकडे दुकानातून परवाना मिळत नाही, सोडतीतच अर्ज करावा लागतो.

एच-वन-बी किंवा एच-फोर व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींसाठी: केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. सूट आहे ती चालू शिकार परवाना असेल तरच. मित्राची रायफल हातात घेणं हेही बाळगणंच. परवाना कुठल्याही राज्याचा चालतो, पण मुदत संपायच्या आत नवा काढा आणि त्याची प्रत रायफलच्या पेटीत ठेवा.