मायो-७ए : कानाचे आणि डोळ्यांचेही जनुक

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला कमी ऐकू येणे ही कोणालाच नवलाची गोष्ट वाटत नाही, आणि कदाचित त्यामुळेच जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाच्या बाबतीतही आपण फार खोलात जात नाही. मागाच्या आवाजाने जाणारे कान कमावत्या वयात हळूहळू जातात आणि ते बहिरेपण मुलांत उतरत नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबातला मुलगा मात्र जन्मापासून बहिरा होता, दीड वर्ष उलटून गेल्यावर चालू लागला आणि नवव्या-दहाव्या वर्षापासून दिवेलागणीनंतर बोळात माणसांना धडकू लागला. घरच्यांनी या तीन स्वतंत्र तक्रारी मानल्या. चालण्याला उशीर झाला तो अशक्तपणामुळे आणि रातांधळेपणा आला तो जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, अशी त्यांची समजूत होती. दृष्टिपटलाची तपासणी आणि पुढे जनुकीय चाचणी झाल्यावर तिन्हींचे मूळ एकच निघाले : अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा पहिला प्रकार, आणि दोष मायो-७ए या जनुकात.

हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या सूचनेनुसार तयार होणारे मायोसिन-७ए हे प्रथिन २२१५ अमिनो आम्लांचे असून पेशीच्या आतील तंतूंवरून माल वाहून नेणाऱ्या हमालासारखे ते काम करते. अंतर्कर्णातील केशपेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचे जुडगे असते आणि त्या केसांची टोके अतिसूक्ष्म धाग्यांनी एकमेकांशी जोडलेली असतात. ध्वनीने केस हलले की धाग्यावर ताण येतो आणि त्यातूनच विद्युतसंदेश सुरू होतो. मायोसिन-७ए नसेल तर हे जुडगे मुळातच नीट रचले जात नाही, म्हणून बहिरेपण जन्मापासून असते. आणि तोल सांभाळणाऱ्या अवयवातही अशाच केशपेशी असल्यामुळे मूल उशिरा चालते. माणसाच्या अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा तयार होत नाहीत.

डोळ्यात मात्र हेच प्रथिन वेगळी कामे करते. प्रकाशग्राही पेशी आपल्या टोकाचा जीर्ण भाग रोज टाकून देतात आणि दृष्टिपटलामागील रंजकयुक्त पेशींचा थर तो गिळून पचवतो. गिळलेला भाग पेशीच्या आत योग्य जागी नेण्यासाठी मायोसिन-७ए लागते. हे काम बिघडले तरी नजर एका दिवसात जात नाही. आधी अंधारात दिसेनासे होते, मग बाजूचे दिसणे आक्रसत जाते आणि शेवटी समोरचा लहानसा वर्तुळाकार भाग तेवढा उरतो.

बहिरेपण आणि दृष्टिदोष एकत्र आढळतात हे जर्मनीतील नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५८ मध्येच नोंदवले होते; ब्रिटिश नेत्रवैद्य चार्ल्स अशर यांनी १९१४ मध्ये या विकाराची आनुवंशिकता दाखवली आणि नाव त्यांचे लागले. मायो-७एचा संबंध उघड झाला तो १९९५ मध्ये. गंमत अशी की, याच जनुकात दोष असलेले 'शेकर-१' उंदीर बहिरे असतात, डोके हलवत गोल गोल फिरतात, पण माणसासारखे त्यांचे दृष्टिपटल झिजत नाही, त्यामुळे डोळ्यांवरील उपचार उंदरांवर पारखणे अवघड झाले. दुसरी अडचण आकाराची आहे. दृष्टिपटलात जनुक पोहोचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निरुपद्रवी विषाणूत जनुकीय लिपीची सुमारे ४७०० अक्षरे मावतात, तर या प्रथिनाची नुसती सूचनाच ६६०० अक्षरांहून मोठी आहे. म्हणून ती दोन विषाणूंत विभागून पाठवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

तोवर हाती असलेला उपाय कानाचा आहे, आणि तो वेळेत करण्याला इथे दुहेरी महत्त्व आहे. एरवी बहिऱ्या मुलाला हातवाऱ्यांची भाषा उत्तम साथ देते, पण ती डोळ्यांनी वाचावी लागते. ज्याची नजर पुढे आक्रसणार आहे त्याच्या बाबतीत लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट (अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणयंत्र) करून बोलण्याची भाषा रुजवणे फार मोलाचे ठरते. म्हणून जन्मतः बहिऱ्या आणि उशिरा चालणाऱ्या प्रत्येक मुलाची जनुकीय चाचणी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विकार होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत यावी लागते; एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाचे कान-डोळे ठणठणीत असतात. अनोळखी घराण्यांतही असा योग जुळू शकतो, पण आपल्याकडे आते-मामे भावंडांची आणि पूर्व भागात कधी कधी मामा-भाचीचीही लग्ने होतात, तिथे एकाच आजोबांची प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. अशा वेळी घरोघरी सुनेच्या पायगुणाची चर्चा होते, ती मात्र मला संतापजनक वाटते, कारण वडिलांचा वाटा नेमका आईइतकाच असतो.

या मुलाच्या बहिणीला काहीही त्रास नाही, पण ती वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश आहे. तिला सख्ख्या मामाच्या मुलाचे स्थळ आले आहे. तिची आई निश्चितच वाहक असल्याने मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलाची पाव. दोघेही वाहक असले तर अपत्याला विकार होण्याची शक्यता पाव; म्हणून मामीकडचा धोका धरला नाही तरी प्रत्येक अपत्यामागे चोविसात एक असा हिशेब निघतो. भावातील नेमका दोष आता माहीत असल्याने दोघांची साधी रक्तचाचणी पुरेशी आहे. मुलगा तयार आहे, मुलगीही तयार आहे. 'सोयरिकीत कसली आली रक्ततपासणी' असे म्हणून आजी अडून बसल्या आहेत.