सव्वासात इंचांतले एकवीस मिलिमीटर

मला उंबरा नको होता. बाथरूमची फरशी आणि शॉवरची फरशी एका पातळीत, मध्ये फक्त काच, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. बाथरूम वरच्या मजल्यावर, खाली लाकडी तुळया, त्यांवर फळ्या. शॉवरला उतार हवा म्हणून तेवढ्या भागात तुळया वरून दीड इंच तासून घ्या, असं मी सुतारकाकांना अगदी सहज सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढलीसुद्धा नाही. "ताई, आधी फळ्या उचलू. आत काय आहे ते बघा, मग बोलू."

आत जे होतं ते बघून माझी बोलती बंद झाली. पूर्वीच्या टबच्या सांडपाण्यासाठी कुणीतरी एका तुळईला वरून खाच पाडली होती, तीही बरोबर मधोमध. तुळईची उंची सव्वासात इंच, खाचेखाली उरलेलं लाकूड साडेचार इंच. खाचेच्या कोपऱ्यातून लाकडाच्या रेषेने एक चीर पुढे गेली होती. माझं व्हिजिटिंग कार्ड तीत अर्ध्यापर्यंत सरकलं.

तुळईची वाकताना टिकण्याची ताकद उंचीच्या वर्गाने बदलते आणि ताठपणा घनाने. साडेचार इंचांवर आलेल्या त्या जागी ताकद चाळीस टक्क्यांच्याही खाली. मग माझ्या दीड इंचाचा हिशेब केला. तेवढ्या भागात ताठपणा निम्मा! वर पाच सेंटिमीटर सिमेंटचा थर, म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो, त्यावर फरशी, पाणी आणि माणूस. फरशीला लवणं सोसत नाही. आधी सांधे उलतात, मग त्यांतून पाणी झिरपतं आणि ते शेवटी त्याच तुळयांत मुरतं.

तासणं रद्द. पण पाइपचं काय? शॉवरचं पाणी जाणारी जाळी मला एका टोकाला हवी होती आणि उभी सांडपाण्याची नळी दुसऱ्या टोकाला. मध्ये पाच तुळया आडव्या. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना कोडमध्ये अखंड लाकडी तुळईसाठी नियम असा: भोक उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नको, वरच्या-खालच्या कडेपासून किमान दोन इंच लाकूड सुटलं पाहिजे. खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नको आणि गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मधल्या तिसऱ्या हिश्श्यात तर अजिबात नको. ब्रिटनचा नियम आणखी कडक, तिथे भोक उंचीच्या पावपटच. (हे सगळं अखंड लाकडाचं. आय आकाराच्या तयार तुळया असतील तर त्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीला करवत लावायचीच नाही; मधल्या पडद्यातली भोकंसुद्धा बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणेच.)

आता आकडे बघा. तुळई १८४ मिमी, म्हणजे भोक जास्तीत जास्त ६१. दोन इंची पाइप बाहेरून ६०. आत ढकलायला एक मिमीची मोकळीक! वरचे-खालचे दोन-दोन इंच सोडले की उरतात ८२ मिमी. त्यात ६१चं भोक खाली-वर सरकायला जागा फक्त २१ मिमी. पाण्याला उतार हवा फुटाला पाव इंच, म्हणजे मीटरला साधारण २१. थोडक्यात, पाइप तुळया ओलांडत जेमतेम एक मीटर जाऊ शकतो. सोळा-सोळा इंचांवरच्या तीन तुळया, बस. माझ्या पाच तुळयांना ३४ मिमी लागत होते.

दोन रात्री मी हा कागद उलटसुलट केला. शेवटी कागद नाही, शॉवर फिरवला. जाळी दोन तुळयांच्या बरोबर मधल्या मोकळ्या पट्टीत आली, ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा वाकडा तुकडा) तिथेच बसला आणि पाइप तुळयांना समांतर, एकही भोक न पाडता निघाला. मला हवी होती त्या बाजूची खिडकी आता पाठीमागे येते, एवढंच.

चिरलेल्या तुळईसाठी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, ते मी अंदाजाने करणार नव्हते. खालून फळी लावून तिच्यावर जॅक दिला, म्हणजे भार एका बिंदूवर येणार नाही. काका रोज पाव फेरा फिरवायचे आणि खालच्या खोलीतल्या छताचं प्लास्टर तपासायचे. घाई केली असती तर लाकूड सरळ झालं असतं आणि छत फुटलं असतं. पातळी आल्यावर शेजारी तेवढ्याच उंचीची, दोन्ही टोकांना भिंतीवर टेकणारी नवी तुळई गोंद आणि बोल्टांनी जोडली. तेवढं लांब लाकूड आत घ्यायला अख्खी सकाळ गेली. शेवटी तिरकं करून, शिव्या देत घातलं.

शॉवरला उंबरा आहे. चार इंचांचा. पहिल्या आठवड्यात तिघांच्या पायांच्या करंगळ्या त्याला ठेचल्या, त्यांतली एक माझी.