मोठ्या भूकंपाचा पहिला आकडा कमी का येतो?

११ मार्च २०११. जपानमध्ये दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप सुरू झाला आणि तीन मिनिटांत तिथल्या हवामान संस्थेचा त्सुनामीचा इशारा निघाला. वेग वाखाणण्यासारखाच. पण इशाऱ्यामागचा मॅग्निट्यूडचा, म्हणजे भूकंपाच्या आकारमानाचा, आकडा होता ७.९, आणि भूकंप निघाला ९.०च्याही किंचित वर. कागदावर हा जेमतेम सव्वा अंकाचा फरक. ऊर्जेत मोजला तर चाळीस पटींहून जास्त, कारण मॅग्निट्यूड एक अंकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. इवाते किनाऱ्याला ३ मीटर लाटेचा अंदाज कळवला गेला. ३ मीटर म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या संरक्षक भिंतीआड राहणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असेच वाटणार. समुद्रातल्या जीपीएस तरंगकांवरून सुधारित इशारा ३ वाजून १४ मिनिटांनी निघाला, पण तोवर बऱ्याच ठिकाणची वीज गेली होती आणि तो अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही.

यात कोणाची गफलत नव्हती, मोजण्याच्या पद्धतीलाच मर्यादा आहे. भूकंप एका बिंदूत होत नाही. भ्रंशावरची (जमिनीखालच्या खडकातल्या तड्यावरची) भेग सेकंदाला साधारण अडीच-तीन किलोमीटर वेगाने फाटत जाते. २००४च्या सुमात्रा भूकंपात ती सुमारे १३०० किलोमीटर फाटली आणि त्याला आठ-दहा मिनिटे लागली. जुन्या पद्धती मात्र २० सेकंद किंवा त्याहून कमी आवर्तकाळाच्या (एक हेलकावा पुरा व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) लहरींची उंची मोजतात. भेग आणखी लांब फाटली तरी या छोट्या लहरी फारशा उंच होत नाहीत, म्हणून ८च्या आसपास आकडा अडकतो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. मोमेंट मॅग्निट्यूड वेगळ्या रीतीने काढतात: फाटलेले क्षेत्रफळ, सरकलेले अंतर आणि खडकाचा ताठरपणा यांच्या गुणाकारातून. त्यासाठी शेकडो सेकंदांच्या लांब लहरी नोंदल्या जाव्या लागतात. जपानमध्ये तर जवळची संवेदनशील यंत्रे हादऱ्याने मापाबाहेर गेली, त्यामुळे हे गणितही वेळेत जमले नाही. (वर्तमानपत्रे आजही सरसकट ‘रिश्टर’ लिहितात. ती मोजपट्टी १९३५मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या स्थानिक भूकंपांसाठी केलेली होती. एवढ्या मोठ्या भूकंपाला ती लावणे व्यर्थ आहे.)

२००४मध्येही हेच झाले. हवाईच्या त्सुनामी इशारा केंद्राने पंधरा मिनिटांत ८.० सांगितले, तासाभराने ८.५. नऊच्या घरातला आकडा यायला काही तास गेले, आणि तोवर लाटा हिंदी महासागर ओलांडत होत्या. ४००० मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे धावते. तिथे तिची उंची जेमतेम अर्धा-पाऊण मीटर असते आणि एक लाट जायला पंधरा-वीस मिनिटे किंवा अधिक लागतात, त्यामुळे जहाजावर काही कळत नाही. पाणी १० मीटर खोल उरते तेव्हा वेग ताशी ३६ किलोमीटरवर येतो आणि नुसत्या उथळपणामुळे उंची चौपटीहून अधिक होते. खाडी निमुळती असेल तर आणखी.

याहून फसवा प्रकार म्हणजे मंद भूकंप. १५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर हादरा इतका सौम्य होता की कोणी फारसे मनावर घेतले नाही. अर्ध्या तासाने आलेले पाणी काही ठिकाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढले; सुमारे २२,००० माणसे गेली. १९९२मध्ये निकाराग्वातही असेच घडले. अशा वेळी भेग हळू फाटते, सेकंदाला सुमारे एक किलोमीटर. शरीराला जाणवणाऱ्या जलद कंपनांत ऊर्जा कमी जाते, समुद्रतळ मात्र पुरेसा उचलला जातो.

म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने जोर नव्हे, वेळ मोजावी. जमीन हलायला लागली की आधी डोके वाचवा आणि मनात सेकंद मोजायला लागा. मिनिटभर हलत राहिली, भले हळू का असेना, तर आकड्याची वाट न पाहता निघा. जोराचा हादरा असेल, उभे राहणे कठीण झाले, तर मिनिटही मोजत बसू नका. ३० मीटर उंची गाठा. चढ नसेल तर सुमारे ३ किलोमीटर आत जा. तेही जमत नसेल तर भक्कम काँक्रीट इमारतीचा वरचा मजला. गाडी काढू नका, रस्ते तुंबतात. सुमात्राजवळच्या सिम्यूलू बेटावर १९०७च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या नावाने गाण्यांतून टिकली होती. २००४मध्ये तिथे पहिली लाट दहाएक मिनिटांत आली; सुमारे ७८,००० लोकवस्तीत मृत्यू सात.

‘समुद्र आधी मागे हटतो’ ही खूण अर्धीच खरी आहे. समुद्रतळ एका बाजूला उचलला जातो, दुसऱ्या बाजूला खचतो. २००४मध्ये थायलंडला पाणी आधी ओसरले, श्रीलंकेला मात्र थेट चढत आले. ओसरले तर पळा. पण ओसरण्याची वाट पाहू नका.

आता लांब लहरींवरून वीसएक मिनिटांत बरा अंदाज मिळतो. जपानने २०१३पासून पद्धतही बदलली: भूकंप ८च्या पुढचा वाटला तर पहिल्या इशाऱ्यात लाटेचे मीटर न सांगता नुसते ‘प्रचंड’ असे कळवतात. माझ्या मते हा बदल कित्येक महागड्या यंत्रांपेक्षा मोलाचा आहे.

परतीचे गणित वेगळेच. १९६४च्या अलास्का भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटा ओसरल्यावर काही लोक साफसफाईला परतले. सर्वांत मोठी होती चौथी. दोन लाटांमध्ये तासभरही जाऊ शकतो, आणि उपसागरात पाणी हेलकावत राहते. २०११मध्ये जपानने शेवटची सूचना मागे घेतली ती १३ मार्चच्या संध्याकाळी, दोन दिवस उलटून गेल्यावर.