दहा टक्क्यांचं तिकीट आणि बारा किलोचं लेकरू

लेकरू दीड वर्षाच्या पुढचं असेल तर विमानात त्याला स्वतंत्र सीट घ्या. एवढं आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. पैसे जुळत नसतील तर प्रवास पुढं ढकला, पण मांडीवर नेऊ नका. मी मे महिन्यात बावीस महिन्यांच्या मुलाला घेऊन लातूरहून अमेरिकेत डॅलसला एकटी गेले, म्हणून एवढं ठासून सांगतेय.

तिकीट काढणारा म्हणाला, "ताई, दोन वर्षांच्या आतलं आहे, मांडीवर घेतलं तर मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांत होतंय की. वरून पाळणा मिळतो. लेकरू निजतं, तुम्ही पिक्चर बघायचा." मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "मांडीवरच तर बसायचंय त्याला, खुर्ची कशाला? मुंबईला रेल्वेनं नेतोच की." मलाही पटलं. रेल्वेत बर्थवर आडवं टाकता येतं, दारापर्यंत फिरवून आणता येतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

लातूर-मुंबई रात्रीची गाडी, मग दिवसभर ठाण्याला नणंदेकडं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, दोघंही झोपलो. मुंबईहून आखातापर्यंतचे विमानातले तीन तासही निभावले. तिथं विमान बदलायचं होतं.

आता पाळण्याचं ऐका. पाळणा म्हणजे पहिल्या रांगेसमोरच्या भिंतीला अडकवायची पेटी. तिला वजनाची मर्यादा असते, बऱ्याच कंपन्यांत दहा-अकरा किलोच्या आसपास. माझा मुलगा बारा किलोचा. हवाईसुंदरीनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि हसून मान हलवली. सीट मात्र तीच भिंतीसमोरची, जिच्यासाठी लोक जादा पैसे मोजतात. फसवी आहे ती. टीव्ही आणि जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीत असतो, त्यामुळं दांडी वर होत नाही आणि लेकराला आडवं करता येत नाही. समोर सीट नाही, त्यामुळं उडताना-उतरताना पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत. सिपर वरच्या कप्प्यात, लेकरू खाली बोंबलतंय. ज्यांना पाळणा मिळाला त्यांचंही फार बरं नव्हतं. पट्ट्याची खूण पेटली की बाळ पाळण्यातून काढून कुशीत घ्यायचं. पलीकडच्या बाईंनी सहा महिन्यांच्या झोपलेल्या बाळाला तीनदा उचललं.

आखातातून डॅलस सोळा तास. पाचव्या तासाला पोरगं झोपलं, डोकं माझ्या डाव्या दंडावर, पाय शेजारच्या हैदराबादच्या काकांच्या पोटावर. काकांनी ते पाय गुमान मांडीवर घेतले आणि तेही घोरायला लागले. ट्रे उघडता येईना, जेवण परत गेलं. सहा तास मी उठले नाही. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं सोडलं. हा मूर्खपणा तुम्ही करू नका, उतरल्यावर डोकं ठणकत होतं.

झोपेचं औषध द्या म्हणून दोघीतिघींनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. त्यातली काही औषधं दोन वर्षांखाली धोक्याची असतात, आणि काही लेकरं ती घेऊन उलट जास्तच नाचतात.

कान दुखतात ते विमान खाली येताना. तेव्हा लेकराला जागं करा आणि घोट घोट पाणी पाजत राहा. झोपू द्यावं म्हणून मी उठवलं नाही, शेवटचा अर्धा तास सगळं विमान त्याचं रडणं ऐकत होतं.

ढकलगाडी मुंबईत विमानाच्या दाराशी दिली ती थेट डॅलसलाच निघाली. मध्ये मिळणार का, हे देतानाच विचारा. आखातात गेटपर्यंतची चाल मी त्याला कडेवर घेऊन चालले. शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बळंच दिलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पाठीशी बांधला, लोक बघत राहिले. अमेरिकेच्या विमानाआधी गेटवर पुन्हा तपासणी असते. साडेतीनशे मिलिलिटरच्या वर पूड असेल तर जास्त चौकशी होते, माझा नाचणी सत्त्वाचा डबा उघडून बघितला. येसराचं पीठ मोठ्या बॅगेत होतं म्हणून वाचलं. नवरा सोबत नसेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असू द्या. दुधातल्या दशम्या घेतल्या होत्या, पोरानं विमानातलं काहीच खाल्लं नाही, त्यावरच निभावलं.

आता पैशांचं. वय प्रत्येक उड्डाणाच्या तारखेला मोजतात. मुलगा जुलैत दोनचा झाला, परतीचा प्रवास ऑक्टोबरात, म्हणजे परतीला सीट घेणं भागच होतं. तिकीट काढणाऱ्यानं हे सांगितलंच नाही. सीट ऐनवेळी काढली, चढ्या भावानं. आधी जे वाचले असं वाटलं होतं ते त्यात गेलं, वर आणखी गेले.

पण परतताना मधली दांडी वर केली, त्याच्या पट्ट्यातच तो माझ्या मांडीवर डोकं टाकून सात तास झोपला. मी दोनदा बाथरूमला जाऊन आले आणि एक पिक्चर अर्धा बघितला.