हे सगळे एकाच माणसाचे?

अलिबागजवळच्या आमच्या गावात, वाचनालयाच्या माडीवर, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही एक मराठी चित्रपट दाखवतो. प्रोजेक्टर जुना आहे आणि पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळू लागली की संवाद ऐकू येत नाहीत, तरीही तीस-चाळीस माणसे नेमाने येतात. गेल्या दोन वर्षांत आम्ही डॉ. जब्बार पटेल यांचे सहा चित्रपट दाखवले, आणि दर वेळी खुर्च्या आवरताना कोणी ना कोणी मला तोच प्रश्न विचारला: हे सगळे एकाच माणसाचे कसे? एकात ठाकर आदिवासी मंडळी ढोल वाजवीत गातात, दुसऱ्यात मंत्रालयाच्या खोल्यांमध्ये खुर्चीची ओढाताण चालते, तिसऱ्यात एक बाई आपले घर सोडून आश्रमाची अधीक्षिका होते; ना रंग एक, ना चाल एक, ना बोली एक. तुम्ही विचारलेत म्हणून, उभ्या उभ्या नीट देता न आलेले उत्तर येथे लिहीत आहे.

चित्रपटांच्या आधी त्यांनी बसवलेल्या एका नाटकाकडे जायला हवे. 1972 मध्ये त्यांनी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. त्यात नटांची एक रांगच पडदा होते, तीच भिंत होते, तीच गाते, नाचते आणि मान डोलावते. माणसांची ती भिंत मला त्यांच्या पुढच्या बहुतेक चित्रपटांत दिसते. समोर एक माणूस उभा असतो, त्याला काही तरी सहन होत नसते किंवा काही तरी हवे असते, आणि त्याच्याभोवती गाव, जमात, मंत्रिमंडळ किंवा कुटुंब असा एखादा जमाव असतो. हा जमाव मागे उभे राहून शोभा आणण्यासाठी नसतो; त्याला स्वतःचा आवाज असतो, आणि तो आवाज कोणत्या सुरात काढायचा, हे प्रत्येक विषयागणिक पटेल नव्याने ठरवतात. चित्रपट वेगवेगळे दिसतात ते त्यामुळेच, असे माझे मत आहे.

‘सामना’ हे याचे पहिले उदाहरण. 1975 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेला होता. श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर साखरसम्राट हिंदुरावाच्या राज्यात येऊन पडतो आणि गायब झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच विचारत राहतो. निळू फुल्यांचा हिंदुराव त्याला खाऊपिऊ घालतो, सांभाळतो, त्याच्याशी जिव्हाळ्याने बोलतो, पण तेवढ्या एका प्रश्नापाशी येऊन अडतो. एकट्या मास्तरचा असलेला तो प्रश्न हळूहळू लोकांच्या तोंडी जातो, तेव्हा अंगावर काटा येतो. याच चित्रपटातले ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ हे गीत आरती प्रभूंचे, म्हणजे आपल्या कुडाळकडच्या चिं. त्र्यं. खानोलकरांचे आहे. साखर कारखान्याच्या मुलखातल्या गोष्टीला तळकोकणातल्या कवीचे शब्द इतके चपखल बसावेत, याचे मला दर वेळी नवल वाटते.

‘जैत रे जैत’ (1977) मात्र आमच्या दारातला आहे. अलिबागहून मुंबईला जाणारी एस.टी. वडखळ, पेण करीत कर्नाळ्याच्या घाटाला लागली की उजव्या हाताला अंगठ्यासारखा सुळका उभा राहतो. त्या सुळक्याच्या कड्याला मधमाश्यांची पोळी लागतात, आणि मी खिडकीतून ती काळी ठिपकी शोधत असतो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतला नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरच्या माश्यांशी वैर धरतो. त्याला पुण्यवंत व्हायचे असते आणि राणीमाशी पाहायची असते. माशा त्याचा एक डोळा घेतात, आणि तेथून त्याची भक्ती सुडात उतरते. मोहन आगाश्यांचा नाग्या आणि स्मिता पाटीलची चिंधी यांची ही गोष्ट ठाकर मंडळी ढोलाच्या तालावर गाऊन सांगतात. गाणी इतकी आहेत, की एखाद्या दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हातून त्याची नुसती गाण्यांची माळ झाली असती. येथे तसे होत नाही, कारण गाणारे लोक गोष्टीच्या बाहेरचे नाहीत. तेच नाग्याला चढवतात, तेच खाली उभे राहून वर पाहतात आणि शेवटी त्याच्या दुःखाचे साक्षीदारही तेच होतात. ना. धों. महानोर मराठवाड्यातले शेतकरी कवी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, आणि डोंगर रायगड जिल्ह्यातल्या ठाकरांचा, असा हा मेळ आहे. पेणच्या स्टँडवर जून उजाडला की ठाकरणी पानांच्या द्रोणांत जांभळे घेऊन बसतात. त्यांतल्या एकीला मी एकदा विचारले, की या चित्रपटातले जांभळाचे ते गाणे ऐकले आहे का. ती म्हणाली, "गाना हाय ना, पन झाड आता उरलंय कुठं?" आणि द्रोण माझ्या हातात दिला. त्यानंतर ते गाणे मला पूर्वीसारखे नुसते गोड लागलेले नाही.

नाग्या जिंकतो, पण चिंधीला गमावून. ‘जैत’ म्हणजे विजय हे शीर्षकातच दोनदा सांगून ठेवलेले आहे, आणि शेवटी त्या शब्दाकडे पाहवत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी आलेला ‘सिंहासन’ कृष्णधवल आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आणि विजय तेंडुलकरांची पटकथा यांतून उभ्या राहिलेल्या या चित्रपटात जमाव गात नाही, कुजबुजतो. फोन, बंद खोल्या, गाड्या, पुन्हा फोन. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस हे सगळे पाहत हिंडतो. ज्याने हिंदुराव पाहिला आहे त्याने हा दिगू अवश्य पाहावा; तोच नट, पण खांदे निराळे, चालणे निराळे. राजकारणावरचा चित्रपट म्हणून त्याची स्तुती पुष्कळ झाली आहे, तिच्यात मी भर घालत नाही.

आमच्याकडे सर्वांत अधिक बोलणे झाले ते ‘उंबरठा’वर (1982). शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. सुलभा महाजन सुस्थितीतले घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून परगावी महिलाश्रम सांभाळायला जाते. त्या दिवशी पाऊस होता आणि मध्येच वीज गेल्यामुळे पाऊण तास सगळे मेणबत्तीच्या उजेडात बसून राहिले. आमच्या कोकणात घर सोडून कामाला जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. चाकरमानी मुंबईला जातो, गणपतीला आणि शिमग्याला येतो, मुले त्याला वर्षातून दोनदा पाहतात, आणि त्याला कोणीही निष्ठूर म्हणत नाही. त्या अंधारात माझ्या मागे बसलेल्या एक काकी, ज्यांचे यजमान तीस वर्षे गिरणगावात होते, शांतपणे म्हणाल्या, "हिनं केलं तेच आमच्या ह्यांनी केलं. त्यांना कोणी घर मोडलं असं म्हटलं नाही." कोणीच काही बोलले नाही. वीज आल्यावर राहिलेला भाग पाहिला. सुलभा परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते, आणि अखेरीस ती पुन्हा गाडीत बसलेली दिसते. या चित्रपटात जमाव दोन आहेत: आश्रमातल्या बायका, ज्यांना कोणी विचारत नाही, आणि घरातली माणसे, जी आवाज न चढवता दार लावून घेतात. मला दुसरा जमाव अधिक भयंकर वाटतो, आणि पटेलांनी त्यातल्या एकालाही खलनायक केलेले नाही, हे त्यांचे मोठेपण वाटते.

सगळेच चित्रपट मला सारखे भावतात, असे नाही. ‘एक होता विदूषक’ (1992) पु. ल. देशपांड्यांनी लिहिला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्यात जीव ओतला. आमच्याकडे लोक हसायला म्हणून आले आणि मध्यंतरानंतर गप्प झाले. तरी तमाशाच्या फडावरचा भाग जितका सच्चा उतरला आहे तितका पुढचा राजकारणाचा भाग उतरलेला नाही, असे मला वाटते. ‘मुक्ता’मध्ये हेतू स्पष्ट दिसतो, थोडा जास्तच स्पष्ट दिसतो.

पटेल शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ आहेत आणि दौंडला त्यांनी अनेक वर्षे दवाखाना चालवला. लहान मुलाला काय दुखते ते सांगता येत नाही. डॉक्टरला आईचे, आजीचे, शेजारणीचे ऐकून घ्यावे लागते आणि त्यातून मुलाचे दुखणे ओळखावे लागते. एका माणसाभोवतीच्या सगळ्यांचे ऐकण्याची त्यांची सवय कदाचित तेथून आली असेल. हा केवळ माझा तर्क आहे, पण मी तो सोडायला तयार नाही.

शेवटी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. हा चित्रपट 2000 मध्ये प्रदर्शित झाला, मूळ इंग्रजीत केलेला, आणि मामूट्टींना त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि 20 मार्च 1927 रोजी त्यांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते महाडचे. म्हणजे दोन्ही ठिकाणे आमच्या कोकणातली. चित्रपट लांब आहे आणि काही प्रसंग पाठ्यपुस्तकासारखे येतात. पण महाडच्या प्रसंगात मला पटेलांच्या सगळ्या चित्रपटांत प्रथमच निराळे काही तरी दिसले. एवढी वर्षे त्यांचा जमाव एकट्या माणसासमोर भिंत होऊन उभा असे, किंवा त्याला चढवून खाली थांबत असे. येथे तो त्याच्या मागोमाग तळ्याच्या पायऱ्या उतरतो.

त्या दृश्याला आमच्या सभागृहात दुसऱ्या रांगेतले एक वयोवृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले आणि पाण्याचा प्रसंग संपेपर्यंत उभेच राहिले. त्यांच्या मागच्यांना पडदा दिसत नव्हता, पण खाली बसा असे त्यांना कोणीही म्हटले नाही.