नकाशे विकतो, डेटा वाटतो

साताऱ्यात नकाशाचं काम करायचं तर सर्व्हे ऑफ इंडियाची दोन शीटं घ्यावी लागतात. ७४ अंश पूर्व रेखावृत्त शहराच्या अंगावरूनच गेलेलं आहे. त्यामुळे अजिंक्यतारा जुन्या ४७ जी/१४ वर आणि माहुलीकडचं रेल्वे स्टेशन ४७ के/२ वर. किल्ला ते स्टेशन एवढं अंतर दाखवायलासुद्धा दोन कागद जोडायचे. आमच्या फर्मचं निम्मं काम आजही जोडाजोडीचंच आहे, फक्त कागदांची जागा फायलींनी घेतली.

फर्म २०१५ साली सुरू झाली. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. पुण्यात एका कंपनीत बसून परदेशातल्या गटारांचे नकाशे डिजिटाइझ करत होतो. नोकरी सोडून गावी आलो तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा प्लॉटिंगच्या धंद्यात पडणार. पार्टनर मिळाले ते काका. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. टिपण, फाळणी, गटबुक ही मोजणीची कागदपत्रं त्यांना तोंडपाठ. तेहतीस फुटी शंकू साखळी ओढत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा हे त्यांच्या डोळ्यांत इतकं बसलंय की पडीक रान नुसतं बघून ते क्षेत्र सांगतात. मी स्क्रीनवर पॉलिगॉन काढून पडताळतो. फार फरक निघत नाही, हे मला थोडं खुपतं.

भांडवल नव्हतं. परदेशी सॉफ्टवेअरचा परवाना घेणं आवाक्याबाहेर होतं, म्हणून क्यूजीआयएसवर सुरुवात केली. २००२ पासून जगभरातले लोक मिळून वाढवत असलेलं हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर. डेटाचंही तेच. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने जमिनीची उंची मोजली. तो एसआरटीएमचा डेटा आपल्याकडच्या भागासाठी बरीच वर्षं ९० मीटरच्या ठोकळ्यांतच मिळायचा. आम्ही दुकान उघडलं त्याच सुमारास ३० मीटरचा खुला झाला. मुहूर्त काढून एवढं जमलं नसतं.

आणि लगेच कामही आलं. गावागावांत पाणी अडवण्याच्या कामांची वॉटर कप स्पर्धा, तिच्या २०१६ च्या पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते: वरूड, अंबाजोगाई आणि आमच्या शेजारचं कोरेगाव. पहिला नंबरही कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचाच आला. त्या उन्हाळ्यात आसपासच्या प्रत्येक गावाला आपल्या शिवाराचा नकाशा हवा होता. पाणी कुठून येतं, कुठल्या ओढ्याला मिळतं, माथा कुठला आणि पायथा कुठला. आम्ही एसआरटीएमवरून ओढ्यांचं जाळं आणि पाणलोटाच्या रेषा काढून द्यायला लागलो. वर्गणी काढून दिलेले पैसे म्हणजे चुरगळलेल्या नोटा. पण फर्मचं पहिलं भाडं त्यातूनच गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आजही लोक ती ऐकायला तयार नसतात. ३० मीटरचा एक ठोकळा म्हणजे जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा. त्यावरून पाणलोटाची हद्द काढता येते, नाला खोलीकरण कुठल्या टप्प्यात करावं याचा अंदाज बांधता येतो. सलग समतल चर मात्र आखता येत नाहीत. तिथे रानात जाऊन ए-फ्रेम नाहीतर हायड्रोमार्कर असं समपातळी दाखवणारं साधनच धरावं लागतं. शिवाय रडारला झाडाचा शेंडा आणि जमीन यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे कोयनेच्या बाजूला दाट जंगलात उंची फुगून येते. “कॉम्प्युटरवरच चर आखून द्या, पैसे जास्त घ्या,” असं सांगणारे आले, त्यांना आम्ही परत पाठवलं. काका तर म्हणाले, “डोंगराला कॉम्प्युटर दाखवून पाणी थांबत नसतं.”

गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं: डेटा फुकट मिळतो, सॉफ्टवेअर फुकट, मग पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर समजायला आमच्याकडे एक दिवस बसावं लागेल.

साधी गोष्ट घ्या, गावांची नावं. एका सरकारी यादीत ‘बुद्रुक’ पूर्ण लिहिलेलं, दुसरीत नुसतं ‘बु.’, तिसरीत इंग्रजी ‘बीके’. खुर्दचीही तीच तऱ्हा. वडगाव किती आहेत ते मोजायला बसू नये. २०११ च्या जनगणनेत जिल्हे ३५, कारण पालघर ठाण्यातून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्यानंतर उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नावावरून दोन तक्ते जोडायला गेलं की अख्खा जिल्हाच गळून पडतो. म्हणून आम्ही नावाला हातच लावत नाही. जनगणनेचा कोड आणि केंद्र सरकारच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा कोड, यांची जोडी लावूनच पुढे जातो. ही जोडी लावणं हेच खरं काम, आणि ते यंत्राने निम्मंच होतं.

मग फाँट. जुनी कागदपत्रं श्रीलिपीत नाहीतर योगेश फाँटमध्ये टाइप केलेली. ती युनिकोडमध्ये आणताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी उड्या मारून भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. शेपफाइल ही आमच्या धंद्यातली नकाशे साठवायची जुनी आणि सर्वांत हट्टी फाइल. तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही आणि एन्कोडिंग चुकलं की सगळ्या मराठी गावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. आता आम्ही जिओपॅकेज या नव्या प्रकारातच फायली देतो. तरी एखाद्या कचेरीतून फोन येतो, “साहेब, शेपफाइलच पाठवा.” पाठवतो, काय करणार. त्यात यूटीएम ही नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडायची पद्धत, आणि महाराष्ट्र तिच्या दोन पट्ट्यांत विभागलेला: ७८ अंशांच्या अलीकडे ४३ नंबर, पलीकडे ४४. अमरावती शहर आमच्या पट्ट्यात, वर्धा पलीकडच्या. विदर्भातलं काम घेतलं की पहिला प्रश्न हाच.

तर अशी स्वच्छ केलेली माहिती आम्ही तालुकावार बांधून ठेवली आणि २०१८ पासून मागेल त्याला फुकट द्यायला लागलो: गावांच्या हद्दी, मराठी आणि इंग्रजी नावं, दोन्ही कोड, ओढे, दर दहा मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावरून घेतलेले रस्ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, कारण त्यांचा ओडीबीएल परवाना सांगतो की त्यावर आधारलेला डेटासंच बाहेर दिला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवायचा. सरकारी हद्दी आणि ते रस्ते एकत्र कालवले की कुठली अट कशाला लागते ते वकीलही सांगू शकत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर आम्ही परतफेडही करतो. गावाला गेलं की वाड्यावस्त्यांची नावं तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकून देवनागरीत भरतो.

फुकट वाटायचा निर्णय परोपकाराचा नव्हता. तीच फाइल पाच जण पाच वेळा मागायचे आणि प्रत्येक वेळी घासाघीस. वाटायला लागल्यावर ती कटकट संपली आणि चुका सांगणारे लोक फुकटात मिळाले. एका तलाठी भाऊसाहेबांनी आमच्या फाइलवर लाल पेनाने खुणा करून फोटो पाठवले, असला तपासनीस पगार देऊनही मिळाला नसता. शिवाय फाइल ज्याच्या हातात पडते तो पुढच्या कामाला आमच्याकडेच येतो. ऊस मोजण्याचं काम असंच आलं. सेंटिनेल-२ या उपग्रहांची दहा मीटरची चित्रं दर पाच दिवसांनी मिळतात, लागवड आणि खोडवा त्यात ओळखता येतो. पावसाळ्यात ढग आले की सेंटिनेल-१ च्या रडारवर जायचं. एका साखर कारखान्याने मात्र दोन हंगाम काम करून घेऊन बिल अजून रखडवलंय. तो विषय नको.

१५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने भू-माहितीचे नवे नियम काढले आणि भारतीय फर्मना नकाशे तयार करायला, वाटायला लागणारी पूर्वपरवानगीची भानगड संपली. आमच्यासारख्यांचा धंदा त्या दिवशी खऱ्या अर्थाने मोकळा झाला. वर्तमानपत्रात त्याची बातमी आतल्या पानावर होती.

आता पटावरच्या खेळांबद्दल. दर शनिवारी संध्याकाळी ऑफिसातलं मोठं टेबल रिकामं करतो आणि पट मांडतो. हे व्यसन पुण्यातल्या नोकरीत लागलं, कटानपासून. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा १९९५ चा खेळ, एकोणीस षटकोनी तुकड्यांचं बेट. नकाशा काढणाऱ्याला षटकोन आवडतोच, कारण त्याचे सहाही शेजारी सारख्या अंतरावर असतात. चौकोनात तिरपा शेजारी १.४१ पट लांब पडतो आणि सगळी गणितं वाकडी होतात. पृथ्वीचा गोल मात्र नुसत्या षटकोनांनी झाकता येत नाही. उबरने खुली केलेली एच-थ्री ही जाळी बघा, कुठल्याही पातळीवर तिच्यात बारा पंचकोन असतातच.

माझा सर्वांत लाडका खेळ फ्रान्सिस ट्रेशॅमचा ‘१८५३’. विषय हिंदुस्थानातली रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, त्या सालावरून नाव. एक डाव संपायला अख्खा रविवार जातो आणि घाट चढवताना पैसे असे संपतात की बोरघाटात रूळ टाकणाऱ्यांबद्दल आदर वाटायला लागतो. काकांना असले लांबलचक खेळ झेपत नाहीत. ते वाघबकरी मांडतात आणि बकऱ्या घेऊन मला हरवतात.

पण खेळांनी धंद्याला दिलंय बरंच. पटाभोवती चौघं चार बाजूंना बसतात, म्हणजे एकालाच अक्षरं सुलटी दिसतात, बाकीच्यांना आडवी नाहीतर उलटी. चांगला पट करणारा म्हणून अक्षरांवर विसंबत नाही. ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावला जातो असं आम्हाला वाटायचं. प्रत्यक्षात तो सतरंजीवर पसरतात आणि गाव त्याच्याभोवती गोल बसतं. तेव्हापासून आमच्या गावनकाशांवर विहीर, बंधारा, देऊळ, शाळा यांच्या खुणा कुठूनही बघितल्या तरी ओळखू येतील अशाच असतात आणि रंगासोबत पोत दिलेला असतो, म्हणजे लाल-हिरवा न कळणाऱ्याचंही अडत नाही. सूची चारही कोपऱ्यांत छापतो. छापखानेवाला अजूनही विचारतो, चुकून चार वेळा आलीय का?

मग २०२२ मध्ये आम्ही स्वतःच एक पट केला. षटकोनाची बाजू ६२ मीटर धरली की त्याचं क्षेत्रफळ जवळपास एक हेक्टर होतं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी, म्हणजे मोठा एक टँकर. ही दोन गणितं जुळली आणि खेळ आपोआप उभा राहिला. एक निळा ठोकळा म्हणजे एक टँकर. पट म्हणजे त्याच गावाचा खरा पाणलोट, एसआरटीएमवरून काढलेला. पावसाचे पत्ते चर्प्स या १९८१ पासूनच्या खुल्या पर्जन्य-डेटावरून केलेले, म्हणजे दुष्काळाची वर्षं खरोखर येऊन गेलेली तीच. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास, त्यामुळे पत्त्यांचे दोन वेगळे गठ्ठे करावे लागले. पाणी उतारावरून खालच्या षटकोनात जातं, बांध असेल तिथे थांबतं, मुरतं. विहीर आणि बोअर एकाच साठ्यातून उपसतात.

पहिल्यांदा खटाव तालुक्यातल्या एका गावात मांडला तेव्हा तिसऱ्याच फेरीत भांडण लागलं. एकाने उसाचे तीन पत्ते लावले आणि वरच्या अंगाला बोअर मारलं, खालच्याची विहीर आटली. “आरं, हे तर बापूंचंच रान!” कोणीतरी ओरडलं. बापू समोरच बसलेले. नियमांत उपशावर मर्यादा नव्हती, आम्ही मुद्दाम ठेवली नव्हती. पाचव्या फेरीत त्यांनी आपणच ठरवली: उन्हाळी पीक एकालाच, आळीपाळीने. आम्ही तो नियम छापील पुस्तिकेत घातलेला नाही. प्रत्येक गाव आपला काढतं, काही गावं काढतही नाहीत आणि सातव्या फेरीत सगळे मिळून हरतात.

पट, पत्ते आणि नियम यांच्या फायलीही फुकट देतो. कोणीही आपल्या गावचा छापून घ्यावा. छापील संचाचे आणि गावात येऊन खेळ घेण्याचे पैसे घेतो. फर्मच्या उलाढालीत त्याचा वाटा किरकोळ आहे. ऊस आणि पवनचक्क्यांच्या जागांची कामं आहेत म्हणून हे परवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता आम्ही पाच जण आहोत. कराडची एक मुलगी कोडचं सगळं बघते आणि १८५३ मध्ये मला सलग हरवते. सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या फायली तयार आहेत. माणची तेवढी अजून सोडलेली नाही. तिथल्या दोन गावांच्या हद्दी एकमेकींवर चढल्या आहेत, मधली पट्टी नेमकी कोणाची ते कागदावरून ठरत नाही आणि स्वतः जाऊन हद्दीचे दगड बघितल्याशिवाय काका ती फाइल बाहेर जाऊ देत नाहीत. पाऊस उघडला की जाणार म्हणतात.